तळटीप : साडेतीन टक्क्यांचा कर

‘साडेतीन टक्के’ : १८९६ साली हिंदुस्थानातील गिरण्यांत विणलेल्या कापडावर बसवलेला अबकारी कर. त्याच वेळी विलायती कापडावरील आयात जकात पाचवरून साडेतीन टक्क्यांवर आणली गेली. जकातीमुळे देशी गिरण्यांना जो थोडा आडोसा मिळाला असता, तो असा काढून घेतला. सांगितलेले कारण खुल्या व्यापाराच्या तत्त्वाचे. खरा रेटा लँकेशायरच्या गिरणीमालकांचा. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडेभरडे कापड काढत आणि मँचेस्टरचा माल बहुतांशी तलम असे, त्यामुळे बाजारात दोघांची गाठ फारशी पडतच नव्हती. तरीही कर जाड्याभरड्यावरही बसला आणि त्याची झळ गरिबाच्या धोतर-लुगड्याला लागली. हा उघड अन्याय होता. हातमाग तेवढे सुटले.

खुल्या व्यापाराच्या या तत्त्वाविषयी न्या. रानडे यांनी त्याआधीच, १८९२ मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, इंग्लंडला मानवलेले अर्थशास्त्र सर्व देशांना सर्व काळी लागू पडत नाही, असे बजावले होते. जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख लिस्ट यांच्या विचारांचा त्यांनी आधार घेतला. मात्र त्यांना केवळ जकातीचे पुरस्कर्ते ठरवणे, जे अजूनही सर्रास होते, बरोबर नाही. सरकारने नव्या उद्योगांना भांडवल पुरवावे आणि वाट दाखवावी, यावर त्यांचा भर अधिक होता. साडेतीन टक्क्यांचा हा कर शेवटी डिसेंबर १९२५ मध्ये तहकूब झाला आणि पुढच्या वर्षी रद्द.