जिस्ट: शस्त्रक्रियेनंतर गाठ पुन्हा का येते?

'गाठ पूर्ण काढली' असे डॉक्टरांनी सांगितले, मग तीन वर्षे गोळी कशासाठी? जिस्टच्या रुग्णांचा हा नेहमीचा प्रश्न असतो.

जिस्ट म्हणजे काय?
जठर किंवा आतड्याच्या भिंतीत होणारी ही दुर्मीळ गाठ आहे. आतड्याच्या हालचालीचा ताल ठरवणाऱ्या पेशींशी तिचे नाते असते. बहुतेक वेळा 'किट' नावाच्या जनुकातील बदलामुळे ती वाढते. काळी शौच, रक्त कमी होणे, पोट लवकर भरल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसतात. गाठ आतील अस्तराखाली असल्याने साध्या एंडोस्कोपीत ती निसटू शकते.

शस्त्रक्रियेत काय महत्त्वाचे?
गाठ न फुटता, अखंड काढणे. ही गाठ ठिसूळ असते. ती फुटली तर पेशी पोटात सांडतात आणि आजार परतण्याचा धोका खूप वाढतो. लसिका ग्रंथी सहसा काढाव्या लागत नाहीत.

धोका कसा ठरतो?
पॅथॉलॉजी अहवालात चार गोष्टी पाहा: गाठीचा आकार, पेशी-विभाजनाचा वेग, गाठीची जागा आणि ती फुटली होती का. त्याच आकाराची गाठ जठरापेक्षा लहान आतड्यात जास्त धोक्याची असते. आजार परतला तर बहुधा यकृतात किंवा पोटाच्या आतील पडद्यावर दिसतो.

गोळी किती दिवस?
जास्त धोका असल्यास इमॅटिनिब, साधारण रोज 400 मिग्रॅ, किमान तीन वर्षे देतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षे गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे 66 टक्के रुग्ण पाच वर्षांनी आजारमुक्त होते. एकच वर्ष घेणाऱ्यांत हे प्रमाण 48 टक्के होते. काही जनुक-बदलांवर ही गोळी चालत नाही, म्हणून आधी जनुक तपासणीबद्दल विचारा. गोळी जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर घ्या. डोळ्यांभोवती सूज, मळमळ, पायात गोळे आले तर डॉक्टरांना कळवा. स्वतःहून गोळी बंद करू नका. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला. भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी त्यामुळे मिळत राहिली.

पुन्हा आली तर?
बहुतेकदा आधी औषधच देतात. औषधाने आजार आटोक्यात असलेल्या निवडक रुग्णांमध्ये उरलेल्या गाठी काढता येतात. मात्र त्यानंतरही गोळी चालू ठेवावी लागते. इमॅटिनिब निष्प्रभ झाल्यास सुनिटिनिब, रेगोराफेनिब हे पुढचे पर्याय आहेत.

तपासणी चुकवू नका
मांडवगण फराट्यासारख्या गावातून पुण्याला जायचे तर अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते. बरे वाटत असताना सीटी स्कॅन नकोसा वाटणे साहजिक आहे. पण परतलेली गाठ सुरुवातीला दुखत नाही. जास्त धोका असल्यास दर तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन लागतो. गोळी थांबवल्यानंतरची पहिली दोन वर्षे विशेष जपा. रक्ततपासणी शिरूर किंवा दौंडला करून अहवाल पाठवता येईल का, हे विचारा. जुन्या स्कॅनच्या सीडी आणि पॅथॉलॉजीचे ब्लॉक जपून ठेवा.

काळी शौच, रक्ताची उलटी किंवा पोटात अचानक तीव्र वेदना झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.