कोशिका व ऊतके : महाराष्ट्रातील अभ्यासाचा इतिहास

सजीवाच्या शरीराचा रचना व कार्य या दोन्ही दृष्टींनी मूलभूत असा जो सर्वांत लहान घटक, त्यास कोशिका (पेशी) म्हणतात. आणि उगम, रचना व कार्य यांबाबत साम्य असलेल्या कोशिका व त्यांच्यामधील आंतरकोशिकीय द्रव्य यांच्या समूहास ऊतक (ऊती) म्हणतात. या घटकांच्या अभ्यासास यूरोपात सतराव्या शतकात प्रारंभ झाला. महाराष्ट्रात हा अभ्यास विसाव्या शतकात रुजला, तो प्रामुख्याने मुंबई व पुणे या दोन केंद्रांत. वैद्यकीय शिक्षणाच्या अंगाने १९९८ नंतर त्यात नासिकची भर पडली. येथील अभ्यासाचा एक विशेष असा की, त्याला चालना मिळाली ती रुग्णांपुढील प्रश्नांमुळे. कर्करोग व कुष्ठरोग या व्याधींचे स्वरूप उलगडण्याच्या प्रयत्नांतून येथील कोशिकाविज्ञानाचा बराचसा भाग उभा राहिला.

परिभाषा : मराठीत या विषयाच्या दोन परिभाषा प्रचारात आहेत. शालेय पाठ्यपुस्तकांत ‘पेशी’ व ‘ऊती’ हे शब्द रूढ आहेत, तर कोशवाङ्मयात व विद्यापीठीय लेखनात ‘कोशिका’ व ‘ऊतक’ हे शब्द अधिक आढळतात. ‘पेशी’ हा शब्द आयुर्वेदात फार पूर्वीपासून आहे. मात्र तेथे त्याचा अर्थ स्नायू असा आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातील पेशींची संख्या ५०० सांगितली आहे, ती याच अर्थाने. ‘मांसपेशी’ या शब्दात हा जुना अर्थ आजही टिकून आहे. ‘कोशिका’ म्हणजे लहान कोश किंवा कप्पा. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात जे रिकामे कप्पे पाहिले, त्यांना त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थही हाच आहे. ‘ऊत’ म्हणजे विणलेले. ऊतकासाठी यूरोपीय भाषांत जो शब्द आहे, तोही विणकामातूनच आलेला आहे. आयुर्वेदातील रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा व शुक्र या सप्तधातूंची ऊतकांशी सांगड घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. तथापि धातूंची कल्पना पोषण व परिणमन यांवर आधारलेली असून ऊतकांचे वर्गीकरण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रचनेवर आधारलेले आहे. त्यामुळे या दोन संज्ञा समानार्थी ठरत नाहीत.

मूलभूत रचना : ऊतकांची कल्पना कोशिकासिद्धांताहून जुनी आहे. फ्रेंच शारीरविज्ञ बीशा यांनी १८०१ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाचा उपयोग न करता, केवळ विच्छेदन व रासायनिक प्रक्रिया यांच्या आधारे २१ प्रकारची ऊतके सांगितली. रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये कोशिकेतील केंद्रकाचे महत्त्व ओळखले. सर्व वनस्पती कोशिकांच्या बनलेल्या असतात, असे श्लायडेन यांनी १८३८ मध्ये व प्राण्यांच्या बाबतीतही हेच खरे आहे, असे श्वान यांनी १८३९ मध्ये प्रतिपादन केले. नवी कोशिका ही पूर्वीच्या कोशिकेपासूनच निर्माण होते, या तत्त्वाचा पुरस्कार करून जर्मन विकृतिवैज्ञानिक फिरखो यांनी १८५८ मध्ये रोगाचे मूळ कोशिकेतील बिघाडात शोधले पाहिजे, असा विचार मांडला. आधुनिक विकृतिविज्ञानाचा (रोगामुळे शरीरात होणाऱ्या बदलांच्या शास्त्राचा) तो पाया होय.

प्राणिकोशिकेभोवती पातळ कोशिकापटल असते. वनस्पतिकोशिकेत त्याबाहेर सेल्युलोजाची भित्तीही असते. आत कोशिकाद्रव्य व केंद्रक हे दोन मुख्य भाग असतात. केंद्रकात आनुवंशिक गुणधर्म वाहून नेणारी गुणसूत्रे असतात. कोशिकाद्रव्यात ऊर्जानिर्मिती करणारे कलकणू, प्रथिने तयार करणारे रिबोसोम, गॉल्जी पिंड इ. अंगके असतात. आकारमानात फार विविधता आढळते : मानवी तांबडी कोशिका सु. ७ ते ८ मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलीमीटरचा हजारावा भाग) व्यासाची असून पक्व अवस्थेत तिच्यात केंद्रक नसते; अंडकोशिका सु. ०·१ मिमी. व्यासाची असते, तर तंत्रिकाकोशिकेचा तंतू सु. १ मी. लांब असू शकतो. प्राण्यांची ऊतके चार मुख्य वर्गांत मोडतात : (१) शरीराचे व पोकळ्यांचे पृष्ठभाग आच्छादणारे अभिस्तर ऊतक, (२) अस्थी, उपास्थी, रक्त इत्यादींचा समावेश असलेले संयोजी ऊतक, (३) आकुंचनक्षम स्नायू ऊतक, (४) संवेदनांचे वहन करणारे तंत्रिका ऊतक.

ऊतकविकृतीचा अभ्यास : रुग्णाच्या शरीरातून काढलेला ऊतकाचा तुकडा रसायनांत टिकवून, मेणात बसवून, त्याचे सु. ५ मायक्रॉन जाडीचे काप घेऊन ते रंगवतात. नित्याच्या रंजनपद्धतीत केंद्रके निळसर जांभळी व कोशिकाद्रव्य गुलाबी दिसते. निरोगी अभिस्तर ऊतकात कोशिकांचे थर क्रमवार असतात. कर्करोगात हा क्रम मोडतो, केंद्रके मोठी व गडद होतात आणि कोशिका खालच्या संयोजी ऊतकात घुसतात. निरोगी रचनेचे ज्ञान पक्के असल्याखेरीज हा बदल ओळखता येत नाही.

या शास्त्राची मुंबईतील उभारणी मुख्यतः वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्या नावाशी निगडित आहे. लंडन येथे विकृतिविज्ञानाचे उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले व वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी या विषयाचे अध्यापन केले. १९४१ मध्ये परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र ही संस्था अस्तित्वात आली.

भारतीयांत तोंडाचा कर्करोग इतक्या मोठ्या प्रमाणात का आढळतो, हा त्या काळी वादाचा प्रश्न होता. वंश किंवा हवामान यांकडे बोट दाखवणे सोपे होते. खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कर्करोगाचा संबंध लोकांच्या चालीरीतींशी जोडून दाखवला. खालचा ओठ व हिरडी यांमधील खाचेत तंबाखू व चुना यांचे मिश्रण (खैनी) धरून ठेवणाऱ्यांत नेमका तेथेच कर्करोग उद्‌भवतो. धोतराची गाठ कमरेला जेथे वर्षानुवर्षे घट्ट आवळली जाते, तेथील त्वचेवर प्रथम रंग बदलतो, मग व्रण होतो व काहींत त्याचे कर्करोगात रूपांतर होते. लुगडे नेसणाऱ्या स्त्रियांतही असाच विकार आढळतो. एल्. डी. संघवी, के. सी. एम्. राव व खानोलकर यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यतः मुखपोकळीच्या आणि धूम्रपानाचा संबंध जिभेचे मूळ व घसा यांच्या कर्करोगाशी असल्याचे दाखवले गेले. वंश बदलता येत नाही, सवय बदलता येते. म्हणून या निष्कर्षांचे महत्त्व केवळ शास्त्रीय नव्हते. प्रतिबंधाची शक्यता त्यांतून प्रथमच स्पष्ट झाली.

कुष्ठरोगाच्या आरंभीच्या चट्ट्यांतील ऊतकांवरील खानोलकर यांचा अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोगाची बाह्य लक्षणे ठळक होण्यापूर्वीच त्याचे जंतू त्वचेतील सूक्ष्म तंत्रिकांत शिरलेले असतात, हे त्यांनी दाखवले. कुष्ठरोग हा केवळ त्वचेचा विकार मानण्याची दृष्टी त्यामुळे मागे पडली. बधिरता व अवयवांची विकृती यांचे मूळ तंत्रिका ऊतकात आहे, हे लक्षात आल्याने लवकर निदानाची निकड अधोरेखित झाली.

जिवंत कोशिकांचे संवर्धन : रंगवलेला काप हा मृत ऊतकाचा असतो, तो कोशिकेची एका क्षणाची अवस्था दाखवतो. कोशिका शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील तंत्रिका ऊतकावर यशस्वी केले. हे तंत्र मुंबईत आणण्याचे श्रेय कमल रणदिवे (१९१७–२००१) यांना जाते. पुण्यात जन्मलेल्या रणदिवे (पूर्वाश्रमीच्या समर्थ) यांचे शिक्षण हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालय येथे झाले. एम्‌. एस्‌सी. साठी त्यांनी सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या कोशिकानुवंशिकीचा अभ्यास केला व १९४९ मध्ये खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच्‌. डी. मिळवली. नंतर अमेरिकेत बॉल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतकसंवर्धनाचे प्रशिक्षण घेतले. मानवी कर्ककोशिकांचा अखंड वाढत राहणारा पहिला वंश (हेला) १९५१ मध्ये गाय यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाला होता. मायदेशी परतल्यावर रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती भारतातील अशी पहिली प्रयोगशाळा मानली जाते. संवर्धनासाठी लागणारी पोषक माध्यमे परदेशांतून मागवणे अवघड असल्याने ती येथेच तयार करण्यात आली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले.

कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. परंतु कृत्रिम माध्यमात तो वाढत नाही. हा जंतू तंत्रिकांत वस्ती करतो, या निरीक्षणाचा आधार घेऊन रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी भ्रूणाच्या मेरुगुच्छिकांतील तंत्रिकाकोशिकांच्या संवर्धनात रुग्णाच्या ऊतकातील जंतू वाढवण्याचा प्रयत्न केला. १९५८ मध्ये त्यातून एक वाढणारा जंतू हाती आला. त्यास केंद्राच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी जंतू’ असे नाव पडले. पुढील परीक्षणांत तो कुष्ठरोगाचा मूळ जंतू नसून त्याच प्रजातीतील एका वेगळ्या गटाशी जवळीक असलेला ठरला. मूळ उद्दिष्ट साध्य झाले नाही, तरी या जंतूत व कुष्ठजंतूत प्रतिरक्षेच्या दृष्टीने साम्य असल्याने किरणोत्सर्गाने मारलेल्या जंतूंपासून लस बनवण्यात आली. दक्षिण भारतात झालेल्या तुलनात्मक चाचणीच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिच्यामुळे ६५·५ टक्के संरक्षण मिळाले. कुष्ठजंतू मात्र अद्यापही कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही.

पुणे येथील कार्य : पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात (स्थापना १९५२, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) के. आर्. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस ईजिप्ती व एडिस आल्बोपिक्टस या डासांच्या नुकत्याच बाहेर पडलेल्या डिंभांपासून कोशिकावंश तयार केले. यांपैकी दुसऱ्या वंशातून इगाराशी यांनी १९७८ मध्ये वेगळी केलेली शाखा डेंग्यूचे विषाणू रुग्णाच्या रक्तातून मिळवण्यासाठी जगभर वापरली जाते. पुणे विद्यापीठात लीला मुळ्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावर प्रायोगिक संशोधनाची परंपरा निर्माण केली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वनस्पतींच्या ऊतकसंवर्धनाचे मोठे कार्य झाले. कित्येक दशकांनी एकदाच फुलणाऱ्या बांबूला संवर्धननलिकेत काही महिन्यांतच फुले आणवण्यात तेथील नाडगौडा, परशरामी व मस्करेन्हस यांना यश आले (१९९०). प्राणिकोशिकांचे वंश जतन करून संशोधकांना पुरवण्यासाठी विद्यापीठाच्या परिसरात १९८०–९० या दशकात राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली. तीच पुढे राष्ट्रीय कोशिकाविज्ञान केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली.

नासिक येथील शिक्षणकेंद्र : राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये पूर्वी त्या त्या विभागातील विद्यापीठांना जोडलेली होती. १९९८ मध्ये नासिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, यूनानी, होमिओपॅथी, शुश्रूषा इ. शाखा एका छत्राखाली आल्या. त्यामुळे परिभाषेचा प्रश्न प्रत्यक्ष व्यवहाराचा झाला. एकाच विद्यापीठात ‘पेशी’ हा शब्द एका शाखेचा विद्यार्थी स्नायू या अर्थाने वाचतो, तर दुसऱ्या शाखेचा विद्यार्थी शालेय शिक्षणातून आलेल्या अर्थाने.

या ज्ञानाची गरज नासिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी भागात विशेष जाणवते. कोकणा, भिल्ल इ. जमातींत दात्रकोशिका रोग (सिकलसेल) आढळतो. रक्तारुणाच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी एका ॲमिनो अम्लाऐवजी दुसरे आल्याने, ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या कोशिकांचा आकार विळ्यासारखा होतो. अशा ताठर कोशिका सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे तीव्र वेदना, रक्तक्षय व अवयवांची हानी होते. एकाच पालकाकडून हा गुण आलेली व्यक्ती बहुधा निरोगी राहते. दोन्ही पालकांकडून आल्यास रोग प्रकट होतो. विवाहापूर्वी रक्ततपासणी व समुपदेशन यांवर प्रतिबंधाचा भर असतो. त्यासाठी कोशिका म्हणजे काय व तिचा दोष पुढील पिढीत कसा उतरतो, हे संबंधित कुटुंबांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावे लागते. खानोलकर यांच्या काळाप्रमाणे आजही ऊतकाच्या व कोशिकेच्या परीक्षणातून मिळालेले ज्ञान लोकांपर्यंत पोहोचले, तरच त्याचा प्रतिबंधासाठी उपयोग होतो.