बाळाची टाळू: मऊ का असते आणि डॉक्टरांना कधी दाखवावे?

तासगाव आणि आसपासच्या गावांत बाळाला न्हाऊ घालताना आजी आधी टाळूवर तेल घालते. ही मऊ, उडणारी जागा पाहून अनेक नवे आईवडील घाबरतात. तिथे कवटीच्या हाडांमध्ये नैसर्गिक फट असते आणि तिच्यावर मजबूत पडदा असतो. हलक्या हाताने स्पर्श केल्यास इजा होत नाही.

ही फट का असते?

कवटीच्या छताची हाडे फार जुन्या काळातील माशांच्या डोक्यावरील हाडांच्या कवचापासून आली आहेत. आजही अनेक माशांच्या डोक्यात शंभराहून अधिक हाडे असतात. उत्क्रांतीत ती कमी होत, जुळत गेली. प्रौढ माणसाच्या कवटीत २२ हाडे मोजतात. नवजात बाळात मात्र कपाळाचे हाडसुद्धा दोन भागांत असते.

शेळीचे करडू जन्मल्यावर तासाभरात उभे राहते. त्याच्या डोक्यावर अशी मोठी मऊ जागा नसते. चिंपांझीच्या पिल्लाचा मेंदू जन्मतः प्रौढ मेंदूच्या सुमारे ४० टक्के असतो. आपल्या बाळाचा एक तृतीयांशाहून कमी. म्हणजे मेंदूची बरीचशी वाढ जन्मानंतर होते. सुट्या हाडांमुळे प्रसूतीत डोके थोडे दबून बाहेर येते आणि नंतर मेंदूला वाढायला जागा मिळते.

टाळू कधी भरून येते?

मागची लहान टाळू साधारण २ ते ३ महिन्यांत आणि पुढची बहुधा १२ ते १८ महिन्यांत भरून येते. काही निरोगी बाळांत दोन वर्षेही लागतात. तेल घातल्याने ती लवकर भरत नाही.

ताबडतोब डॉक्टरांकडे जा, जर:

- टाळू खोल गेली असेल आणि जुलाब, उलट्या, कमी लघवी किंवा मलूलपणा असेल. शरीरातील पाणी कमी झाल्याचे हे लक्षण आहे.
- बाळ शांत बसलेले असतानाही टाळू फुगलेली, ताठ असेल. सोबत ताप, झटके किंवा सुस्ती असेल. हा मेंदूज्वर असू शकतो. (रडताना टाळू थोडी वर येणे स्वाभाविक आहे.)

तपासणी करून घ्या, जर:

- टाळू फार लवकर बंद झाली किंवा डोक्याचा आकार वेडावाकडा होत असेल.
- दोन वर्षांनंतरही ती उघडी असेल. मुडदूस किंवा थायरॉईडची कमतरता हे कारण असू शकते.
- डोक्याचा घेर फार वेगाने वाढत असेल किंवा वाढतच नसेल. लसीकरणाच्या वेळी तो मोजून घ्या.

घरी काय करावे?

"टाळू बसली" म्हणून दोन दिवस तेल भरत राहिलेली आणि बाळ निपचित पडल्यावर धावत आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. आजीचे निरीक्षण बरोबर होते. उपाय चुकला होता. अशा वेळी अंगावरचे दूध चालू ठेवा, ओआरएस थोडे थोडे पाजा आणि लगेच दवाखाना गाठा. तोंडात बोट घालून टाळू वर ढकलू नका.

बाळ ठणठणीत असताना टाळूला थोडे तेल लावायला हरकत नाही. नाकाकानात मात्र तेल घालू नका.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. बाळाची प्रत्यक्ष तपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्या.*