डोंगरातलं तांबं, रस्त्यावरचं शिसं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुणे-सातारा महामार्गालगत, भोर तालुक्यात कामथडी हे गाव आहे. समजा, तिथली मूठभर माती प्रयोगशाळेत दिली आणि 'किलोमागे १०० मिलिग्रॅम तांबं' असा अहवाल आला. माती विषारी झाली असं म्हणायचं का? मी म्हणेन, आधी डोंगराला विचारा.

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. वरवर पाहता त्याचे थर एकसारखे. ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स आणि इतर भूशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात त्यांतले बेरियम, स्ट्रॉन्शियम असे अत्यल्प प्रमाणातले धातू मोजले, तेव्हा एकेक थर वेगळा ओळखता आला. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आपलीच नावं त्या थरांना मिळाली. या खडकात तांबं मुळातच किलोमागे १०० ते २०० मिलिग्रॅमच्या घरात असतं. तोच झिजून आपली काळी माती झाली. तेव्हा त्या तांब्यासाठी लगेच कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही.

शिशाचं नेमकं उलट. ते या खडकात फारच थोडं. पण १९२३पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळू लागले आणि ती रीत जगभर पसरली. ते शिसं किती पसरलं, हे क्लेअर पॅटरसन यांनी दाखवलं. १९५६मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवणारे हेच शास्त्रज्ञ. नमुन्यांत शिसं हवेतून, भांड्यांतून, माणसाच्या हातांतूनही येतं, हे त्यांनी ओळखलं. मग भांडी आम्लानं धुतली, प्रयोगशाळेतली हवा गाळून घेतली, आणि खरा आकडा हाती आला. १९६५मध्ये त्यांनी ठासून सांगितलं, की ज्याला आपण नैसर्गिक प्रमाण समजतो, ते माणसानंच वाढवलेलं आहे. पेट्रोल कंपन्यांना ते रुचलं नाही. भारतभर शिसेविरहित पेट्रोल आलं १ फेब्रुवारी २००० रोजी.

धूर थांबला, तरी जमिनीवर बसलेलं शिसं सहजी जात नाही. ते ओळखण्याची रीत सोपी आहे. रस्त्याकडेची माती वरची वेगळी, हातभर खोलीची वेगळी घ्यायची. तशीच आत शेतातलीही घ्यायची. खोल जाताना आणि रस्त्यापासून दूर जाताना आकडा घसरला, तर ते गाड्यांचं देणं. सगळीकडे सारखाच राहिला, तर बहुधा डोंगराचं.

म्हणून यापुढे कुणी मातीतल्या धातूचा एकच आकडा दाखवून घाबरवलं किंवा निर्धास्त केलं, तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारा: इथल्या खडकात हा धातू किती आहे? आणि माती किती खोलीवरची घेतली?