लहान मंडळीला साधा मिक्सर पुरतो?

लहान मंडळीला साधा अ‍ॅनालॉग मिक्सर पुरतो, डिजिटल म्हणजे मोठ्या चर्चचं नि इव्हेंटवाल्यांचं काम, हे मत आपल्याकडे इतकं पक्कं झालंय की कमिटीच्या बैठकीत त्यावर कुणी बोलतही नाही. दुकानदार तेच सांगतो, शेजारच्या गावच्या चर्चनं तेच घेतलेलं असतं, आणि पैसा दानार्पणाचा असल्यामुळे ‘साधं’ हा शब्द कानावर पडला की सगळ्यांना बरं वाटतं. मला हे मत चुकीचं वाटतं, आणि त्यापायी गाणाऱ्यांचं नि ऐकणाऱ्यांचं वर्षानुवर्षं नुकसान होतंय असंही वाटतं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो पोकळ नाही. मिक्सरवर बसणारा तरुण संघातला कुणीतरी असतो, दर महिन्याला बदलतो; अ‍ॅनालॉगवर एका नॉबचं एकच काम, जे दिसतं ते आहे, म्हणून ते कुणालाही जमतं. दुसरं, किंमत कमी. तिसरं, बिघाड झाला तर जिल्ह्याच्या गावी दुरुस्त करणारा भेटतो, आणि एक चॅनेल मेलं तरी बाकीची चालू राहतात. चौथंही एक कारण असतं, ते उघड कुणी बोलत नाही: आपली उपासना साधी, भजनं साधी, मग एवढा खटाटोप कशाला?

या चौथ्या कारणापासूनच सुरुवात करतो, कारण मूळ गैरसमज तिथेच आहे. ‘लहान चर्चसाठी साउंड’ या विषयावरची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ अमेरिकेतल्या चर्चसाठी आहेत. तिथे लहान बँड म्हटलं तरी ड्रम असतो, इलेक्ट्रिक गिटार असते. वाद्यं मुळातच मोठी आणि त्यांच्यावर आवाज चढवायचा, हा त्यांचा प्रश्न. अहिल्यानगर, सोलापूर, सातारा, जालना या भागातल्या चर्चमध्ये प्रश्न उलटा आहे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन आणि कीर्तन रुजवलं, तेव्हापासून पेटी-तबला हा आपल्या गायनमंडळाचा कणा आहे. पेटी, तबला, कधी ढोलकी, टाळ, तीनचार गळे, आणि अलीकडे त्यात कीबोर्ड नि गिटार. पेटीवाला आणि तबलजी जवळजवळ बसलेले, गाणारे त्यांच्या मागे उभे. म्हणजे बेताच्या आवाजाची वाद्यं, जवळजवळ ठेवलेले बरेच माईक, आणि सगळ्यांचा गेन वर. माईक ओरडायला याहून सोयीची मांडणी नसेल.

याचं गणित साधं आहे. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की फीडबॅक सुरू होण्याआधी हाताशी असलेला गेन ३ डेसिबलनं घटतो. एका माईकचे आठ झाले की ९ डेसिबल गेले. रॉक बँडला हे फारसं जाणवत नाही, कारण त्यांना ड्रमसाठी गेन लागतच नाही. भजनाला जाणवतं. साधं भजन नीट ऐकवणं हे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम आहे, म्हणून ‘साध्या गाण्याला साधा मिक्सर’ हा तर्क टिकत नाही.

त्यात भर खोलीची. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला ते साल १८९५. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे एक काम आलं: फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नाही, काहीतरी करा. त्यातून घुमण्याच्या काळाचं सूत्र निघालं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारं क्षेत्र. आपल्याकडचं एक चर्च घेऊ. बारा मीटर लांब, आठ रुंद, पाच उंच. विटांच्या भिंती, शहाबादी फरशी, वर पत्रा. घनफळ ४८० घनमीटर. रिकामं असताना शोषण ४० चौरस मीटर धरलं तर आवाज विरायला १.९ सेकंद लागतात. शंभर माणसं येऊन बसली, प्रत्येकामागे अर्धा चौरस मीटर धरला, की शोषण ९० होतं आणि हा काळ ०.९ सेकंदांवर येतो. शनिवारी संध्याकाळी सराव झाला ती खोली आणि रविवारी सकाळी उपासना होते ती खोली, आवाजाच्या दृष्टीनं दोन निरनिराळ्या खोल्या आहेत. कोणताही मिक्सर, कितीही महाग असला तरी, भिंती बदलत नाही. हे डिजिटलच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही मान्य केलं पाहिजे. पण दोन खोल्यांसाठी दोन मांडण्या साठवून ठेवणं आणि बटण दाबून परत आणणं डिजिटलला जमतं, अ‍ॅनालॉगला जमत नाही.

इथेच ‘एक नॉब, एक काम’ हा मुद्दा येतो. तो वाचायला पटतो. प्रत्यक्षात काय होतं पाहा. गुरुवारी चर्चमध्ये लग्न लागतं, बाहेरचा साउंडवाला येतो किंवा घरातलाच कुणी मिक्सरला हात लावतो. रविवारी पहिल्या गाण्याला पेटी ऐकूच येत नाही, कारण पेटीच्या चॅनेलचा गेन कुणीतरी शून्यावर नेलाय. मिक्सरवर बसलेला मुलगा फेडर वर ढकलत राहतो. गेनकडे त्याचं लक्ष जात नाही, कारण तिथे पन्नासेक सारखेच नॉब आहेत. सगळं दिसतंय, पण काय असायला हवं होतं ते कुठेच लिहिलेलं नाही. डिजिटल मिक्सरवर तोच मुलगा ‘रविवार’ नावाचा सीन, म्हणजे साठवलेली मांडणी, उघडतो आणि पेटीचा गेन जाणकारानं ठेवला होता तिथे येतो. अ‍ॅलन अँड हीथच्या क्यू-१६ वर तर कुणाला कशाला हात लावता यावा याच्या पातळ्याच ठरवता येतात. नवख्याच्या हाती फक्त फेडर द्यायचे. शिकलेल्या माणसाचं काम न शिकलेल्याच्या हातात सुरक्षित ठेवणं, ही बदलत्या स्वयंसेवकांची खरी गरज आहे. तेव्हा स्वयंसेवकांचा मुद्दा मी डिजिटलच्याच बाजूनं मोजतो.

आता किंमत. खोक्यावरचा आकडा बघून मिक्सर घ्यायची आपली सवय इथे घात करते. यामाहाचा एमजी१२एक्सयू हा चांगला मिक्सर आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण नावात बारा असले तरी माईक लागतात सहा, आणि ऑक्स सेंड, म्हणजे मॉनिटरकडे किंवा इफेक्टकडे वेगळं मिश्रण पाठवायच्या वाटा, दोन, त्यांतला एक इफेक्टसाठी. वर वर्णन केलेल्या गायनमंडळाचे माईक मोजा: गाणारे तीन, तबला-डग्ग्याला दोन, पेटीला एक, ढोलकीला एक, पाळकांचा एक, वचन वाचण्याचा एक. झाले नऊ. कीबोर्ड आणि गिटार वेगळेच. मग एमजी१६एक्सयू घ्यावा लागतो, त्यात माईक दहा आणि सेंड चार, इफेक्ट धरून.

सेंडवर मी अडून बसतो, कारण खरेदीच्या वेळी त्यांच्याकडे सर्वांत कमी पाहिलं जातं आणि नंतर भांडणं त्यांच्यावरूनच होतात. तबलजीला पेटी हवी असते, गाणाऱ्याला स्वतःचा गळा, कीबोर्डवाल्याला तबला. मॉनिटरला एकच सेंड असला की तिघांनाही एकच मिश्रण ऐकावं लागतं. मग प्रत्येकजण ‘मला वाढव’ म्हणतो, स्टेजवरचा आवाज चढतो, तो गाण्याच्या माईकात शिरतो, आणि समोर बसलेल्या मंडळीला शब्द कळेनासे होतात. बेरिंजरच्या एक्सआर१८ या डिजिटल मिक्सरमध्ये सोळा माईक लागतात आणि सहा ऑक्स मिळतात. प्रत्येकावर स्वतंत्र ईक्यू, प्रत्येक चॅनेलवर कंप्रेसर, वर चार इफेक्ट. अ‍ॅनालॉगकडून एवढं काम करून घ्यायचं तर ग्राफिक ईक्यू, कंप्रेसर आणि त्यांच्या कॉर्ड वेगळ्या घ्याव्या लागतात. ‘स्वस्त’ मिक्सरचं बिल कमिटीनं या सगळ्यासकट एकदा मांडून पाहावं.

ईक्यूचा फरक तर कानाला लगेच कळतो. समजा पेटीचा माईक ६३० हर्ट्झच्या आसपास घुमतोय. लहान अ‍ॅनालॉग मिक्सरवर मधल्या पट्टीला एकच नॉब, आणि तो बऱ्याचदा २.५ किलोहर्ट्झच्या आसपास खिळलेला. तो फिरवून घुमणं थांबत नाही, उलट पेटीची धार जाते. डिजिटलवर नेमक्या ६३० ला अरुंद काप देता येतो, पेटी पेटीच राहते. डग्ग्याच्या माईकवरचा लो-कट बंद ठेवायचा आणि गळ्यांवरचा १२० पर्यंत चढवायचा, हेही तिथे चॅनेलनिहाय जमतं. अ‍ॅनालॉगवर बटण असतं, त्याचा आकडा कारखान्यानं ठरवलेला. डिजिटलमध्ये आवाज उशिरा येतो ही भीतीही सोडून द्यावी. उशीर एकदोन मिलिसेकंदांचा, आणि एका मिलिसेकंदात आवाज हवेतून सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. मॉनिटरपासून अर्धं पाऊल मागे सरकलं तरी तेवढा फरक पडतो.

दुरुस्तीचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी खोडत नाही. डिजिटलचा मुख्य बोर्ड गेला की सगळं गप्प, आणि गावात तो उघडणारा कुणी नाही. वीज गेली-आली की तो पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो, आणि खालीवर होणारा व्होल्टेज त्याला मानवत नाही. म्हणून मिक्सरला, आणि तो टॅबलेटवर चालणारा असेल तर त्याच्या वायफाय राउटरलाही, कॉम्प्युटरचा साधा यूपीएस जोडलाच पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायर त्यावर घालायचे नाहीत. जुना अ‍ॅनालॉग मिक्सर विकू नये. दोन माईक लावून तो कोपऱ्यात तयार ठेवला तर उपदेश आणि एक गाणं कधीच अडत नाही. जिथे एक पाळक, एक पेटी आणि दोन गळे एवढंच आहे, तिथे डिजिटलची गरज नाही, हेही मी मोकळेपणानं म्हणतो.

डिजिटलमध्येही निवड आहे. फेडर नसलेला, टॅबलेटवर चालणारा एक्सआर१८ सारखा मिक्सर स्वस्त पडतो, पण त्याच्या आतल्या वायफायवर भरल्या चर्चमध्ये विसंबू नये. वेगळा राउटर घ्यावा आणि एक लॅपटॉप केबलनं जोडलेला असावा. टॅबलेट बंद पडला तरी आवाज थांबत नाही, फक्त हात बांधले जातात. ऐपत असेल तर खरे फेडर असलेला सोळा माईकांचा मिक्सरच घ्यावा. माईक ओरडतो त्या क्षणी बोट पडद्यावर चाचपडतं, फेडरवर चुकत नाही.

कमिट्यांना माझी विनंती एवढीच: ठराव करण्याआधी एका शनिवारी मिक्सर भाड्यानं आणा. पेटी, तबला आणि सगळे गाणारे नेहमीच्या जागी बसवा, शंभर नाही तरी तीसचाळीस माणसं बोलवा, आणि तबलजीला विचारा की पेटी ऐकू येते का. तो हो म्हणेल त्या मिक्सरवर सही करा.