पहिला वस्तरा



मागच्या महिन्यात आपल्या कार्यक्रमानंतर एका ताईंचा फोन आला. त्यांचे मालक वारले. मालकांची धोकटी अजून घरात खुंटीला टांगलेली आहे. गावातलं हजामतीचं दुकान बंद झाल्यामुळे बाप्यांना दाढीसाठी तालुक्याला जावं लागतं. ताई म्हणाल्या, "गटाकडून थोडं कर्ज काढून मीच दुकान सुरू करावं असं मनात आहे. पैसे मोजकेच आहेत. पहिला वस्तरा कोणता घेऊ? आणि खरं सांगा, विधवा बाईनं वस्तरा हातात घेतलेला लोकांना चालेल का?"

प्रश्न दोन आहेत, पण दोन्हींची उत्तरं वस्तऱ्याच्या इतिहासातच मिळतात. म्हणून आज तोच इतिहास सांगते.

बलुतेदारीच्या काळात न्हावी हा गावच्या बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर घरोघरी जाऊन हजामत करायची आणि सुगीला धान्याच्या रूपात बलुतं घ्यायचं. धोकटीत वस्तरा, कातर, नखं काढायची नराणी, वाटी, आरसा, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. वस्तरा एकदा घेतला की जन्मभर चालायचा, बापाचा लेकाकडे यायचा. त्यामुळे नवीन घेण्याचा खर्च क्वचितच. खरी मेहनत होती ती धार राखण्याची.

धारेचं गणित समजून घ्या, म्हणजे पुढे वस्तरा निवडणं सोपं जाईल. पातं फार मऊ असेल तर धार लगेच दुमडते, फार कडक असेल तर तिचे टवके उडतात. लोहार विळ्याला पाणी देतो तसंच वस्तऱ्यालाही पाणी द्यावं लागतं. इंग्लंडमधल्या शेफील्ड गावात बेंजामिन हंट्समन नावाच्या कारागिरानं १७४० च्या सुमारास मातीच्या मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली. त्यामुळे सगळीकडे सारखं, एकजीव पोलाद मिळू लागलं आणि शेफील्डच्या सुऱ्या-वस्तऱ्यांचं नाव जगभर झालं. पुढे जर्मनीतलं झोलिंगेन गाव पातळ, आतून कोरलेल्या पात्यांसाठी गाजलं. इंग्रजी राजवटीत असा विलायती माल आपल्याकडच्या बाजारातही येऊ लागला.

पण वस्तरा देशी असो की विलायती, तो कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या डोक्यावर चालतोय, हे महत्त्वाचं. इथे आपल्या बायकांचा इतिहास सुरू होतो.

त्या काळी ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही घरांत नवरा गेला की बाईचं केशवपन करत. बाई कसली, कित्येकदा आठ-दहा वर्षांची पोर असायची. न्हावी घरी बोलावला जायचा आणि तिचे केस उतरवले जायचे. एकदा करून भागत नसे. केस वाढले की पुन्हा न्हावी. अंगावर लाल अलवण, जेवण एक वेळ, लग्नकार्यात तोंड दाखवायची बंदी. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, तरी घराच्या उंबऱ्याआत तो पोचला नव्हता. अशा विधवांवर जबरदस्ती झाली, दिवस राहिले, तर त्यांनी जायचं कुठे? त्यांच्यासाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं.

आता विचार करा, केशवपनाला हात कुणाचा लागत होता? न्हाव्याचा. हुकूम दुसऱ्याचा, वस्तरा त्याचा. हीच गोष्ट सत्यशोधक चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी ओळखली. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यातले एक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, 'दीनबंधू' वर्तमानपत्र चालवलं. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्याच लढ्यामुळे. त्यांच्या पुढाकारानं १८९० साली मुंबईत न्हावी बांधव एकत्र आले. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. आपण याला न्हाव्यांचा संप म्हणतो.

मैत्रिणींनो, संप आपण पगारासाठी, भावासाठी ऐकलेला असतो. हा संप आपल्या मजुरीवर पाणी सोडून केलेला होता. ज्यांच्यासाठी केला त्या बायका त्यांच्या नात्यातल्या नव्हत्या, जातीतल्याही नव्हत्या. उलट ज्या घरांतून काम मिळायचं, त्या घरांचा रोष ओढवून घ्यायचा होता. केशवपनाची रूढी त्या एका संपानं संपली नाही, पुढे कितीतरी वर्षं ती काही घरांत चालूच राहिली. पण "रीत आहे, मी काय करणार" असं म्हणणाऱ्या हातानं एकदा "नाही" म्हटलं, ही गोष्ट छोटी नाही.

त्यानंतर थोड्याच वर्षांत वस्तराच बदलला. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाच्या माणसानं वापरून फेकायचं पातळ ब्लेड काढलं. १९०३ साली विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना असे रेझर दिले गेले आणि घरच्या घरी दाढी करायची सवय पसरली. आपल्या गावात मात्र न्हाव्याचा वस्तरा चालूच राहिला. पण तो पुरुषाच्याच हातात.

तो बाईच्या हातात आला त्याची गोष्ट आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातली आहे. गडहिंग्लज तालुक्यात हसूर सासगिरी गाव. तिथल्या शांताबाई यादव. लग्न झालं तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. नवरा हजामतीचं काम करायचा. १९८४ साली तो वारला. मागे चार लहान मुली आणि डोक्यावर कर्ज. शांताबाई दिवसभर रानात राबायच्या, पण त्या मजुरीत पाच तोंडं भरत नव्हती. तेव्हा गावातले एक मोठे मान्यवर हरिभाऊ कडूकर यांनी सुचवलं, नवऱ्याचा धंदा तुम्हीच करा. गावात दुसरा न्हावी उरला नव्हता. लोक हसले, नावं ठेवली. पण कडूकर नुसता सल्ला देऊन थांबले नाहीत. पहिलं गिऱ्हाईक म्हणून तेच शांताबाईंपुढे बसले.

मग शांताबाई थांबल्या नाहीत. मुलींना शेजारी सोपवून आजूबाजूच्या गावांत पायी जायच्या. सुरुवातीला एका माणसाचा एक रुपया घ्यायच्या. म्हशींचे केसही भादरायच्या, त्याचे पाच रुपये. त्याच कमाईवर चारी मुलींची लग्नं केली. शंभर वर्षांपूर्वी जो वस्तरा विधवेच्या डोक्यावर चालायचा, तोच एका विधवेनं हातात घेऊन घर चालवलं.

आता ताईंच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. पहिला वस्तरा कोणता घ्यावा?

बाजारात दोन जाती आहेत. एक अखंड पात्याचा, जुन्या पद्धतीचा. चांगला विलायती घ्यायचा तर काही हजार रुपये लागतात, वर दगड आणि पट्टा वेगळा. धार लावायला शिकणंही सोपं नाही. दगडावर पातं पाठीसकट आडवं टेकवून धारेच्या दिशेनं पुढे न्यायचं, आणि पट्ट्यावर मात्र उलट, पाठ पुढे ठेवून ओढायचं. पट्ट्यावर चुकून दगडासारखं चालवलं तर धारही जाते आणि पट्टाही कापला जातो.

दुसरा ब्लेडचा वस्तरा. यात दाढीचं साधं ब्लेड मधून मोडून अर्धं बसवतात. हा शे-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. धार लावायची भानगड नाही. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावता येतं. एड्सची जागृती सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडच्या दुकानांत हाच वस्तरा रुळला, कारण एड्सचे आणि काविळीचे काही विषाणू रक्तातून पसरतात आणि वस्तऱ्याच्या धारेला रक्त लागू शकतं. म्हणून धंद्यासाठी हाच घ्या. घेताना मूठ स्टीलची, न गंजणारी बघा. ब्लेड घट्ट बसतं का, हलत नाही ना, कोपरा बाहेर येत नाही ना, हे दुकानातच तपासा. महागड्या मुठीपेक्षा ते पैसे ब्लेडच्या पाकिटांत घाला. वापरलेली ब्लेडं उघड्यावर न टाकता झाकणाच्या डब्यात ठेवा.

मग मालकांच्या जुन्या वस्तऱ्याचं काय? तो मोडीत काढू नका, ताई. धारेवर गंज चढलाय का, टवके उडालेत का, पातं बिजागरीत हलतंय का ते बघा. पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून जपून ठेवा. गिऱ्हाइकाच्या गालावर मात्र लावू नका.

आणि सराव? आधी फुग्याला साबणाचा फेस लावून तो वस्तऱ्यानं हलकेच खरवडा. फुगा फुटला नाही म्हणजे हात बसायला लागला. मग एखाद्या जाणत्या कारागिराकडे काही दिवस बसून शिका. डाव्या हातानं कातडी ताणून धरायची आणि वस्तरा फार उभा करायचा नाही, हे बघूनच कळतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ताईंपेक्षा गटातल्या आपण सगळ्यांनी द्यायचं आहे. हेरवाड हे गावही कोल्हापूर जिल्ह्यातलंच. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ठराव हवाच. पण शांताबाईंना बळ मिळालं ते कुणीतरी पुढे येऊन खुर्चीत बसलं तेव्हा. वस्तरा शे-दोनशेला मिळतो, पहिलं गिऱ्हाईक विकत मिळत नाही. ते गटानं द्यायचं. ताईंचं दुकान उघडेल त्या दिवशी गटातल्या प्रत्येकीनं आपल्या घरातला एक जण पाठवायचा, मालक, दीर, नाहीतर मुलगा. "आमच्यात असं चालत नाही" असं कुणी म्हणालं, तर १८९० साली आपल्याच रीतीला नाही म्हणणाऱ्या न्हावी बांधवांची गोष्ट त्याला सांगा.

ताई, दुकान सुरू झालं की आम्हाला जरूर कळवा.