कच्चे मडके : तेरच्या एका परीक्षेविषयी

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे प्राचीन काळी ‘तगर’ या नावाने व्यापारासाठी विख्यात होते. वारकऱ्यांच्या लेखी मात्र ते गोरोबाकाकांचे गाव. संतमेळा तेथे जमला असता मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारले, यातले कोणते मडके कच्चे? गोरोबांनी थापटणे उचलून एकेकाच्या मस्तकावर हाणले. बाकीचे निश्चल राहिले. विठ्ठलाचे लाडके नामदेव तेवढे दुखावले. ‘हे मडके कच्चे’ असा निर्वाळा मिळाला.

महिपतींनी ‘भक्तविजया’त (१७६२) सांगितलेल्या या कथेला इतिहासाचा पुरावा मानता येणार नाही. तरीही अहंकाराविषयीची एक जाण त्या परंपरेने तीत जपून ठेवली आहे, असे आम्हांस वाटते. येथे अहंता तपासली जाते ती शब्दांनी नव्हे, तर चारचौघांत देहावर बसलेल्या आघाताने.

विसाव्या शतकात मानसशास्त्रही याच वाटेने गेले. १९९३ साली जर्मनीतील ट्रियर येथे एक चाचणी सिद्ध झाली : निर्विकार परीक्षकांसमोर भाषण करायचे, तोंडी हिशेब करायचा आणि त्या ताणाने शरीरात कॉर्टिसॉल किती वाढते ते मोजायचे. २०१० साली रॉबिन एडलस्टीन व सहकाऱ्यांना असे आढळले, की अशा ताणात आत्मप्रीती अधिक असलेल्या पुरुषांचे कॉर्टिसॉल अधिक वाढते. स्त्रियांत तसा संबंध दिसला नाही. स्वतःविषयीची भव्य प्रतिमा कवच ठरण्याऐवजी दुखरी जागाच ठरते, असा याचा एक अर्थ लावता येतो.

म्हणून नामदेवांवर रोगाचे नाव चिकटवणे मात्र अरसिकपणाचे होईल. कथेचा रोख निदानावर नाही, पुढच्या प्रवासावर आहे. भावना नुसती चेहऱ्यावरून पुसली तर शरीर शांत होतेच असे नाही, हेही आज ठाऊक आहे. कथेतले नामदेवही मौनाचा मुखवटा चढवीत नाहीत. ते विठ्ठलाकडे गाऱ्हाणे नेतात, आणि अखेर औंढा नागनाथी विसोबा खेचरांपाशी पोचतात.

कुंभाराचे थापटणे मुळात परीक्षेचे साधन नव्हेच. भाजण्याआधी, ओलसर मडक्याला आतून गोल दगडाचा आधार देऊन बाहेरून थापटतात. त्यानेच भिंत पातळ आणि घट्ट होते. मडके पारखणारे आणि घडवणारे हत्यार एकच आहे. नामदेवांना आघात तेरला मिळाला, आतला आधार औंढ्याला. ‘कच्चे’ या शब्दात आम्हांला म्हणूनच धिक्कार ऐकू येत नाही. भट्टी अजून बाकी आहे, एवढेच ऐकू येते.